समुद्राची रंगीत तालीम

"समजा," साहेब म्हणाले, आणि सहल बुडाली हे बाईंना कळलं.

शाळांच्या सहलींना मंजुरी देणारे ते साहेब. त्यांच्या खोलीला एकच खिडकी होती, आणि समजा वारा आला तर कागद उडतील म्हणून ती कायम बंद असे. माणूस वाईट नव्हता. कुणावर आवाज चढवत नसे, आलेल्याला आधी पाणी विचारत असे. पण दुसऱ्यांना जिथे रस्ता दिसतो तिथे त्यांना खड्डा दिसायचा, आणि खड्डा नसेलच तर तो कुठे पडू शकेल ती जागा दिसायची. साऱ्या शाळांत त्यांना समजासाहेब म्हणत. त्यांच्या कारकिर्दीत सहलीला गेलेल्या एकाही मुलाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं, कारण एकही मूल सहलीला गेलं नव्हतं.

"समजा, लाट आली?"

"समुद्रावर लाट येतेच, साहेब."

"तेच म्हणतोय मी."

बाई भूगोल शिकवत आणि सातवीचा वर्ग सांभाळत. ही शाळा सातवीपर्यंतच. परीक्षा झाली की पोरं पाखरांसारखी दहा दिशांना जाणार, कुणी या शाळेत, कुणी त्या. आणि या वर्गाच्या कपाळी अजून एकही सहल नव्हती. पाचवीत असताना निम्म्या वर्गाला कांजिण्या आल्या. सहावीत बस आली ती फाटकातच बसली, उठलीच नाही. यंदा बाईंनी शब्द दिला होता. समुद्र दाखवीन, दीपगृह दाखवीन, आणि भरती-ओहोटीचा धडा लाटेसमोर उभं राहूनच शिकवीन. तोवर तो धडा त्यांनी पुस्तकात तसाच ठेवला होता, पाहुण्यांसाठी कपबशा राखून ठेवाव्या तसा. परीक्षा जवळ येत होती, आणि धडा कोरा होता.

साहेबांनी आणखी बरंच काही समजून घेतलं. समजा बसमध्ये कुणाला मळमळलं, समजा बसच बंद पडली, समजा कुणी पाण्यात शिरलं. बाईंकडे सगळ्याला उत्तर होतं. मग साहेबांनी राखून ठेवलेलं समजा काढलं.

"समजा, मूल हरवलं?"

बाई म्हणाल्या, आमच्यात दोन नियम आहेत. पहिला जोडीचा. प्रत्येकाला एक जोडीदार, आणि त्याचा हात म्हणजे आपलाच तिसरा हात. दुसरा नियम, हरवलात तर शोधत फिरायचं नाही. जिथे आहात तिथेच बसायचं आणि वर्गाचं गाणं म्हणत राहायचं, कुणी येईपर्यंत.

"गाणं?" साहेबांनी चष्मा काढून पुसला. "समजा, मूल घाबरलं आणि आवाजच फुटला नाही?"

इथे बाईंचा तोल गेला. त्यांच्या सासूबाई नेहमी म्हणत, आमच्या सूनबाईचं मन लोण्याचं आहे, पण जिभेला धार लावून ठेवलीय.

"तसं असेल तर साहेब, तुम्ही शाळेत या. अख्खी सहल तुम्हाला शाळेतच करून दाखवते. बस, समुद्र, दीपगृह, सगळं."

कुणीही शहाण्या माणसाने हे टोमणा म्हणून घेतलं असतं. पण साहेबांना टोमणा कळत नसे. आयुष्यात त्यांना कुणी मारलाच नव्हता असं नाही, पण तो त्यांच्या डोक्यावरून जाऊन मागच्या भिंतीवर आपटत असे. त्यांचा चेहरा उजळला.

"हे फार चांगलं सुचवलंत," ते म्हणाले. "शुक्रवारी येतो. आणि एक ध्यानात ठेवा बाई, सहल म्हणजे नुसती मजा नव्हे. शाळेच्या फाटकातून पहिलं पाऊल बाहेर पडलं की सहल सुरू, आणि शेवटचं मूल त्याच फाटकातून आत आलं की संपली. मधल्या सगळ्याची जबाबदारी माझी."

घरी हे कळलं तेव्हा बाईंचे यजमान हसून हसून खुर्चीवरून घसरले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. शिवणयंत्रावरचं झाकण काढत त्यांनी एवढंच विचारलं, "समुद्र केवढा हवाय?"

बाई म्हणाल्या, सभागृहभर.

मग घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या निळ्या चादरी निघाल्या. फिकट निळ्या किनाऱ्याकडे, गडद निळ्या खोल पाण्याकडे. एक हिरवट होती, तीही सासूबाईंनी मधे घातली, कारण खरा समुद्र एका रंगाचा नसतो असं त्यांचं म्हणणं होतं. यंत्र खडखडत राहिलं आणि माजघरात समुद्र वाढत गेला. झोपायच्या वेळी यजमानांनी पांघरूण मागितलं.

"समुद्रात गेलं," सासूबाई म्हणाल्या आणि दोरा तोडला.

शाळेत मोठ्या सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, ही बातमी उभ्याने पचली नाही. ते बसले. त्यांचं प्रत्येक वाक्य 'हो' ने सुरू होई आणि 'पण' वर वळे, म्हणून पोरं त्यांना होपण सर म्हणत. होपण सर म्हणाले, हो, पण नसलेली सहल करून दाखवताना काही झालं तर ते झालं म्हणायचं की नाही. याचं उत्तर कुणालाच देता आलं नाही, म्हणून तयारी सुरू झाली.

वर्गाचं दार म्हणजे शाळेचं फाटक, असं ठरलं. दाराबाहेरचा लांब व्हरांडा म्हणजे रस्ता. त्यात बाकं एकामागे एक लावून बस केली. खेळाचे सर चालक झाले. त्यांनी घरून मोठ्या पातेल्याचं झाकण आणलं आणि त्याला असा काही हात घातला की जन्मभर ते झाकणच वळवत आले असावेत. सभागृहाच्या मागे लोखंडी गोल जिना होता, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाणारा. ते दीपगृह. आणि सभागृहात सासूबाईंचा समुद्र. त्याचं एक टोक खिडकीच्या गजांना बांधलं. दुसरं टोक हलवायला माणूस हवा होता. ते काम शिपाईकाकांकडे आलं.

काकांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. म्हणूनच त्यांनी ते काम फार मनावर घेतलं. मधल्या सुट्टीत ते बाईंना गाठून विचारत, लाट येते ती धावत येते की चालत. परत जाते ती हिरमुसून की हसत. दोन लाटांच्या मधे तो काय करतो. बाई सांगत आणि काका सभागृहात जाऊन करून पाहत. तिकडून चादरीचा फडफडाट ऐकू आला की पोरं म्हणत, "हळू बोला रे, काकांची भरती चाललीय."

गाणं वर्गानेच रचलं होतं. बाईंनी फक्त ताल दिला.

समुद्रा रे दादा, तुझं अंगण केवढं,
आमच्या वर्गाच्या खिडकीत मावेल तेवढं?
समुद्रा रे दादा, तुझं मीठ कोण दळी,
येतो आम्ही पाहायाला बसून ओळी ओळी.

शुक्रवारी साहेब आले ते खांद्याला पाण्याची बाटली आणि हातात डबा घेऊनच. डोक्याला टोपी होती. बाईंनी जोड्या लावल्या. वर्गाची संख्या विषम, त्यामुळे सगळ्या जोड्या लागल्या की एकजण उरे, आणि ती नेहमी चिमणीच असे. चिमणी अंगाने एवढीशी, आवाजाने मोठी. तिला झोपाळ्यावर बसलं तरी मळमळे, त्यामुळे तिच्याशेजारी बसायला कुणी आनंदाने तयार नसे. आज तिला जोडीदार मिळाला.

"तुम्ही माझी जोडी," ती साहेबांना म्हणाली. "हात सोडायचा नाही. गाणं पाठ आहे ना?"

साहेब म्हणाले, मी निरीक्षक आहे.

"असू दे. निरीक्षकपण हरवतात," चिमणी म्हणाली आणि बस सुटेपर्यंत तिने त्यांच्याकडून दोन्ही कडवी घोकून घेतली. साहेबांना 'ओळी ओळी' जमेना, ते 'ओळीओळीने' म्हणत. चिमणीने प्रत्येक वेळी थांबवून दुरुस्त केलं.

सगळे वर्गाच्या दारातून बाहेर पडले. दप्तरं आत राहिली. सहल सुरू झाली.

खेळाच्या सरांनी तोंडाने बस सुरू केली. पहिल्या वळणाला सगळे डावीकडे कलले, दुसऱ्याला उजवीकडे. इतक्यात समोरून होपण सर फाईल घेऊन व्हरांड्यातून आले. चालकाने कचकन ब्रेक लावला. बाहेर मान काढून त्यांनी मोठ्या सरांना रस्त्याच्या कडेने चालायला सांगितलं, आणि एरवी कुणाचं न ऐकणारे मोठे सर भिंतीला चिकटून उभे राहिले. बस गेल्यावर त्यांनी दोन्हीकडे पाहिलं आणि मगच व्हरांडा ओलांडला.

घाट लागला. खेळाचे सर घाटात फार रंगले. एवढी वळणं त्यांनी घेतली की बाक जागेवर असूनही चिमणीचा चेहरा पांढरा पडला.

"बाई," ती म्हणाली, "मला खरंच होतंय."

बाईंनी उघडून पुढे केलेली पिशवी साहेबांच्या हातात गेली, कारण जोडीदार ते. साहेबांनी डोळे मिटून ती धरली. चिमणीला पाणी दिलं, तोंड पुसलं, खिडकीची जागा दिली. खिडकी नव्हती, पण त्या बाजूला वारा होता. साहेबांनी टोपी काढून तिला वारा घातला, मग ती तिच्याच डोक्यावर ठेवली आणि वहीत एक खूण केली. मळमळ, समाधानकारक.

पुढे बस पंक्चर झाली. साहेब म्हणाले, हे तुमच्या कार्यक्रमात नव्हतं. चालक खाली उतरून बाकाचा पाय न्याहाळत होते.

"पंक्चर सांगून होत नाही, साहेब," त्यांनी डोकं वर न करता सांगितलं. "उतरा सगळे. आता चालत जायचं. समुद्र जवळच आहे."

तेव्हा सगळे चालत निघाले. जोड्या जोड्यांनी, गाणं म्हणत, व्हरांड्याच्या कडेने. सभागृहाचं दार उघडलं, आणि पोरं उंबऱ्यावरच थबकली.

काकांनी हात उचलले होते. निळं कापड पोटातून फुगलं, सभागृहाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत एक लाट धावत आली, पोरांच्या पायांशी येऊन पसरली आणि हिरमुसून नव्हे, हसतच मागे गेली. त्या चादरींवर कुणी ना कुणी निजलं होतं, आजारी पडलं होतं, स्वप्नं पाहिली होती. ते सगळं आता पाणी झालं होतं.

नको ते व्हायचंच होतं. वर्गातला सगळ्यात शहाणा मुलगा, ज्याला बाईंनी दहादा बजावलं होतं की पाण्यात जायचं नाही, तो सरळ समुद्रात चालत गेला आणि कापडात पाय अडकून बुडाला. काका त्यांच्या कामात इतके गढले होते की त्यांनी त्याच्यावर आणखी दोन लाटा घातल्या. बाई ओरडल्या, "काका, ओहोटी घ्या." काकांनी ओहोटी घेतली. त्याच्या जोडीदाराने हात सोडला नव्हता, त्यामुळे तोही अर्धा बुडाला होता, पण त्याच हाताला धरून सगळ्यांनी दोघांना बाहेर ओढलं. वाचलेल्या मुलाला खरोखरच धाप लागली होती.

या गडबडीत साहेबांच्या मनात आलं, हीच वेळ. मळमळ पाहिली, बुडणं पाहिलं, हरवणं राहिलंच. त्यांनी चिमणीच्या हातातून आपला हात अलगद सोडवून घेतला आणि कुणाला न सांगता मागच्या गोल जिन्याने वर गेले. मूल म्हणून आपणच हरवायचं आणि किती वेळात सापडतो ते पाहायचं, असा त्यांचा बेत.

गच्चीच्या दारात वीट होती. ते दार आपोआप लागायचं आणि लागलं की जिन्याकडची कडी आपोआप पडायची, म्हणून काकांनी गेली कित्येक वर्षं ती वीट तिथे ठेवलेली. साहेबांनी वीट पाहिली. समजा, एखादं मूल अडखळलं, असं म्हणून त्यांनी ती उचलून कडेला ठेवली.

दार लागलं. कडी पडली.

खाली बाईंनी जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीने हात वर केले. शेवटी चिमणीचा एकच हात वर आला.

"बाई," ती म्हणाली, "माझी जोडी हरवली."

होपण सर खऱ्या फाटकाकडे धावले, साहेब रागावून निघून गेले असतील म्हणून. परत आले ते घामाघूम. साहेबांची गाडी तिथेच होती. म्हणजे साहेब शाळेतच, आणि शाळेत कुठेच नाहीत. सरांचा आवाज रडवेला झाला. "हो, बाई, शोधू आपण, पण साहेबच नाहीत तर मंजुरी कोण देणार?"

साऱ्या वर्गाचे डोळे त्यांच्यावर होते. धडा त्या डोळ्यांत होता, समुद्र त्या डोळ्यांत होता.

"कुणी हलायचं नाही," त्या म्हणाल्या. "नियम काय आहे? हरवलेला गाणं म्हणतो. मग बाकीच्यांनी काय करायचं?"

"ऐकायचं," वर्ग म्हणाला.

"काका, समुद्र थांबवा."

काकांनी समुद्र जमिनीवर निजवला. सभागृहात एवढी शांतता झाली की खेळाच्या सरांनीसुद्धा झाकण छातीशी धरून श्वास रोखला.

वर गच्चीत साहेब आधी हसले होते. मग त्यांनी दार ढकललं. मग पुन्हा ढकललं. मग टाकीला एक प्रदक्षिणा घातली. खाली आवाज जाईल असं ओरडावं, तर ओरडायचं काय? मोठ्या माणसाला 'वाचवा' म्हणता येत नाही, आणि अधिकारी माणसाला तर मुळीच नाही. ऊन तापत होतं. टोपी चिमणीच्या डोक्यावर राहिली होती. तेव्हा त्यांना आठवलं की हरवलेल्या जाणत्या माणसाला न लाजता करता येईल अशी एकच गोष्ट आज कुणीतरी आपल्याला शिकवली आहे. ते होते तिथेच टाकीच्या सावलीत मांडी घालून बसले.

खाली सगळ्यात आधी चिमणीच्या कानावर आलं. छताच्याही वरून, आकाशाच्या कुठल्यातरी फटीतून, जाडसर, चुकलेल्या सुरात.

"...तुझं मीठ कोण दळी... येतो आम्ही पाहायाला बसून ओळीओळीने..."

"तेच आहेत," चिमणी म्हणाली. "ओळीओळीने."

मग काय विचारता. अख्खी सातवी दीपगृह चढली. लोखंडी जिना नगाऱ्यासारखा वाजला. कडी निघाली, दार उघडलं, आणि साहेब मांडी मोडून उठेपर्यंत त्यांना सगळ्या बाजूंनी पोरांनी वेढलं. चिमणीने त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि हात धरला.

"मी मुद्दामच हरवलो होतो," साहेब म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात," चिमणीने त्यांना समजावलं.

खाली सभागृहात आल्यावर साहेब खुर्चीवर बसले. पाणी प्यायले. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं, आणि त्यांच्या नजरेत पहिल्यांदाच कुठला खड्डा नव्हता. ते म्हणाले, आजवर मी कागदावर शंभर उपाय वाचले, पण स्वतः हरवून सापडलो तो आज. तुमची पद्धत पक्की आहे. ही सहल उत्तम झाली.

पोरांनी टाळ्या वाजवायला हात उचलले.

"झाली," साहेब पुन्हा म्हणाले, आणि त्यांचाच आवाज जरा पडला. "आणि नियम असा आहे की एका वर्गाला वर्षाला एकच सहल. बस झाली, समुद्र झाला, दीपगृह झालं. मी स्वतः साक्षीला होतो. दुसरी मला देता येणार नाही, बाई. मनात असूनही."

उचललेले हात तसेच राहिले. काकांच्या मुठीतलं कापड सुटलं आणि समुद्र आपोआप आटला. होपण सरांनी तोंड उघडलं, पण त्यांना 'हो' सुद्धा सापडेना. बाई खाली पाहत होत्या. फिकट निळ्या चादरीवर, अगदी किनाऱ्याशी, सासूबाईंनी पांढऱ्या दोऱ्याने फेस काढला होता. तो बाईंना आत्ता दिसला.

तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली. बाहेर पालकांची कुजबुज ऐकू येऊ लागली. पोरं जडपणे उठली आणि दप्तरं घ्यायला वर्गाकडे वळली.

"थांबा," बाई म्हणाल्या.

सगळे थांबले.

"कुठे निघालात? वर्गाचं दार म्हणजे काय?"

"फाटक," पोरं म्हणाली.

"मग त्यातून आत कसे जाल? आपण अजून परत आलोय कुठे? आपण समुद्रावर आहोत." बाई साहेबांकडे वळल्या. आवाज अगदी मऊ होता, लोण्यासारखा, आणि आत धार होती. "शेवटचं मूल फाटकातून आत आलं की सहल संपते. तुम्हीच सांगितलंत, साहेब. मधल्या सगळ्याची जबाबदारी तुमची."

साहेबांनी टोपी काढली. "म्हणजे... बाकांच्या बसने परत आणा त्यांना."

खेळाचे सर पुढे झाले. झाकण त्यांनी पाठीमागे धरलं होतं. "बस पंक्चर आहे, साहेब," ते गंभीरपणे म्हणाले. "ती काही आता निघत नाही. वाटल्यास येऊन बघा."

चिमणीने जोडीदाराचा हात हलवला. "आमच्या आया बाहेर उभ्या आहेत. त्यांना काय सांगू? आपण समुद्रावर अडकलोय म्हणून?"

दुसरा कुणी असता तर हसला असता, किंवा चिडला असता. पण साहेब नियमाला खरोखर मानणारा माणूस. नियम त्यांच्यासाठी कागद नव्हता, पायाखालची जमीन होती, आणि आत्ता ती जमीन त्यांना समुद्राच्या बाजूने घेऊन निघाली होती. त्यांनी सभागृहात तीन येरझाऱ्या घातल्या. मग थांबले.

"समजा," ते म्हणाले.

पोरांनी आपापल्या जोडीदाराचा हात घट्ट धरला.

"समजा, मुलं समुद्रावर आहेत. तर त्यांना आणायला दुसरी, खरी बस पाठवावी लागेल. ती समुद्रावरच पाठवावी लागेल, कारण मुलं तिथे आहेत."

"बरोबर," बाई म्हणाल्या.

"ही नवी सहल नव्हे. याच सहलीचा परतीचा प्रवास. त्याला वेगळा नियम नाही." साहेबांचा आवाज चढत गेला, एखादं अवघड गणित सुटत असलेल्या पोरासारखा. "पण बस तिकडे पोचली आणि मुलं तिथे नसली, तर ती रिकामी परत येईल. आणि रिकामी बस चालवता येत नाही, ना जाताना, ना येताना. नियमच आहे."

"मग मुलांनी बस येईपर्यंत तिथे असायला हवं," बाई म्हणाल्या.

"असायलाच हवं. आणि पोरं एकटी कशी राहतील? तुम्ही हव्यात. मोठे सर हवेत. चालक हवेत. ही मुलगी माझी जोडी, तिचा हात मी एकदा सोडलाय. म्हणजे मलाही यावं लागेल." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "आणि समुद्राची सवय असलेला एक जाणता माणूस."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी चादरीची घडी घालायचं सोडून हात पुसले.

पालकांना होपण सरांनी सांगितलं की सातवी समुद्रावर अडकली आहे, पण काळजी नको, उद्या आणायला जायचंय. पालकांनी ते कसं समजून घेतलं हे सांगता येत नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पोरांबरोबर दुप्पट डबे पाठवले. बाईंचे यजमान त्या रात्रीही पांघरुणाशिवायच झोपले. सासूबाईंनी समुद्र उसवायला नकार दिला होता.

खऱ्या बसला खऱ्या खिडक्या होत्या. चिमणीला बस लागली, ठरल्याप्रमाणे, आणि साहेबांनी डोळे उघडे ठेवून पिशवी धरली. घाट आला तेव्हा खेळाचे सर मागच्या बाकावरून चालकाला वळणं सुचवत होते. मग एका टेकडीनंतर वारा बदलला. जिभेवर मीठ आलं. आणि बस थांबली.

पोरं जोडी जोडीने उतरली आणि वाळूत उभी राहिली. पुढे तो होता. हिरवट, निळा, गडद, सासूबाईंनी सांगितला होता तसाच, एका रंगाचा नाही. दीपगृह त्याच्या काठावर एखाद्या पांढऱ्या बगळ्यासारखं उभं. बाईंनी पुस्तक उघडलं आणि पुन्हा मिटलं. धडा समोर स्वतःच चालू होता.

काका सगळ्यांच्या पुढे, पाण्याच्या अगदी कडेला गेले. हाताची घडी घालून त्यांनी बऱ्याच लाटा नीट पाहिल्या.

"काय काका, कसा आहे?" बाईंनी विचारलं.

"चांगला आहे," काका म्हणाले. "परत जाताना पाय ओढतो जरा. ते मला सुचलं नव्हतं."

"तुमचापण छान होता," चिमणी म्हणाली.

"नाही गं," काका म्हणाले. "याचं पाठांतर चांगलं आहे."

ऊन कलेपर्यंत पोरांनी शंख वेचले, पोरं दीपगृह चढली, उतरली, पुन्हा चढली. शहाण्या मुलाने पाण्यात पाऊलही टाकलं नाही, आणि त्याच्या जोडीदारानेही हात सोडला नाही. निघायची वेळ झाली तशा बाईंनी जोड्या तपासल्या. सगळे हात वर आले. चिमणीचा एकच.

यावेळी कुणी धावलं नाही. बाईंनी बोट ओठावर ठेवलं. सगळे ऐकू लागले.

खडकांच्या पलीकडून गाणं येत होतं. साहेब विजारीच्या घड्या गुडघ्यापर्यंत वर करून ओल्या वाळूत मांडी घालून बसले होते. पायाशी लाट येत होती, जात होती, आणि त्यांना तिच्यात कुठेही खड्डा दिसत नव्हता. 'ओळी ओळी' त्यांनी आज बरोबर म्हटलं. चिमणी त्यांच्याशेजारी जाऊन बसली. कडवं संपेपर्यंत बाईंनी हाक मारली नाही.

"साहेब, निघायचं ना? बस थांबलीय."

साहेबांनी मान वळवली. टोपी मागे सरकली होती. अख्खी सातवी, खेळाचे सर, काका आणि मोठे सर वाळूत उभे राहून त्यांच्याकडे पाहत होते.

"समजा," ते हळूच म्हणाले, "अजून थोडा वेळ थांबलो तर?"

बाईंनी मोठ्या सरांकडे पाहिलं. मोठ्या सरांनी समुद्राकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले.

सगळे पुढच्या शब्दाची वाट पाहत उभे राहिले. पुढे फक्त लाट आली.